गोव्याच्या खाऱ्या हवेत टिकणारा नेलकटर कसा निवडावा

गोव्यातील बहुतेक घरांत नेलकटर मुद्दाम शोधून आणला जात नाही. तो जत्रेच्या फेरीत कंगव्या-आरशांबरोबर घेतला जातो, औषधांच्या दुकानात काउंटरवर दिसला म्हणून उचलला जातो किंवा आखातातून सुटीवर आलेल्या नातेवाइकांच्या पिशवीतून निघतो. पहिला पावसाळा सरेपर्यंत त्याच्या सांध्यात तांबूस गंज दिसू लागतो, पुढे तो नख कापण्याऐवजी चावू लागतो आणि मग तसाच दुसरा आणला जातो. वास्तविक थोडे पारखून घेतलेला आणि कोरडा ठेवलेला नेलकटर अनेक वर्षे काम देतो, आणि त्यासाठी फार मोठी रक्कमही लागत नाही. काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, एवढेच माहीत असावे लागते.

आधी यंत्र समजून घ्यावे

कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून पुढे सरकतात. नेलकटरच्या दोन धारा मात्र समोरासमोर येऊन भिडतात. हा फरक नीट लक्षात आला की निवडीचे निम्मे काम होते. कात्रीची पाती किंचित झिजली तरी बोटांनी बाजूने दाब देऊन काम निभावता येते. नेलकटरमध्ये ती सोय नाही. एक धार दुसरीपेक्षा केसभर पुढे आली, किंवा एका कोपऱ्यात दोघींमध्ये फट राहिली, तर तेवढ्या भागातील नख कापले न जाता चिरडले जाते आणि नंतर ओढून तोडावे लागते. नखाची कड खरखरीत राहते व कपड्याच्या धाग्यात अडकते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

नेहमीच्या नेलकटरमध्ये पोलादाच्या दोन पट्ट्या मागील टोकाशी जोडलेल्या असतात आणि त्यांच्या स्प्रिंगसारख्या ताणामुळे पुढचे तोंड उघडे राहते. पट्ट्यांच्या पुढच्या, वळवलेल्या टोकांना धार लावलेली असते. दोन्ही पट्ट्यांमधून एक खिळी वर आलेली असते आणि त्या खिळीच्या खाचेत वरची दांडी बसते. दांडी फिरवून दाबली की ती तरफेचे काम करते आणि बोटाच्या थोड्या जोराचे धारेपाशी बऱ्याच मोठ्या दाबात रूपांतर होते. म्हणजे सगळा ताण तीन ठिकाणी येतो: धारांवर, खिळीवर आणि मागच्या जोडावर. चमक, रंग, नक्षी, कातड्याचे पाकीट यांपैकी कशावरही काहीच ताण येत नाही. दुर्दैवाने दुकानात आपली नजर प्रथम तिथेच जाते.

पहिली पायरी: नखे कोणाची आहेत, हे ठरवणे

एकाच नेलकटरने घरातील सर्वांची हाता-पायांची नखे कापण्याची पद्धत सोडून द्यावी. हाताचे नख पातळ असते आणि महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे नख, विशेषतः अंगठ्याचे, त्याहून बरेच जाड असते आणि साधारण निम्म्या वेगाने वाढते. हातासाठी पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा, आतल्या बाजूस वळलेल्या धारेचा लहान नेलकटर योग्य. पायासाठी आठ सेंटिमीटरच्या आसपासचा, सरळ किंवा अगदी कमी वळणाच्या धारेचा मोठा नेलकटर घ्यावा. पायाचे नख कोपऱ्यात खोल गोलाई देऊन कापले तर ते वाढताना बाजूच्या मांसात शिरण्याचा धोका असतो, म्हणून ते जवळजवळ सरळ कापतात, आणि सरळ धारेने ते आपोआप साधते.

शेतात, कुळागरात किंवा होडीवर काम करणाऱ्यांची आणि वयस्कर माणसांची पायाची नखे कधी कधी इतकी जाड होतात की साध्या नेलकटरच्या तोंडात ती मावतच नाहीत. दांडीवर जोर काढत बसण्यापेक्षा अशा नखांसाठी पक्कडीच्या घाटाचा नेलकटर घ्यावा, ज्याला दोन लांब मुठी असतात आणि ज्याचे टोक नखाच्या कडेखाली अलगद घालता येते. त्याने एकदम आरपार कापायचे नसते. कोपऱ्यापासून सुरुवात करून थोडे थोडे कापत जायचे असते. सांधेदुखीमुळे चिमटीत जोर राहिलेला नाही, अशा व्यक्तींनाही ही मूठ सोपी जाते.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले होते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, कातडी कापली गेली तरी कळत नाही आणि छोटी जखमही चिघळू शकते. अशा व्यक्तीसाठी नेलकटर निवडताना टोकदार कोपऱ्यांपेक्षा किंचित गोलसर केलेले कोपरे पाहावेत, नखे घरातील दुसऱ्या कोणीतरी चांगल्या उजेडात कापावीत, आणि पायाची संवेदना कमी झालेली असेल किंवा नख जाड, वाकडे अथवा मांसात शिरलेले असेल तर ते काम डॉक्टरांकडेच सोपवावे.

तान्ह्या बाळासाठी मोठ्यांचा नेलकटर वापरू नये. त्याच्या तोंडात बाळाच्या बोटाची कातडीही येते. अगदी लहान तोंडाचा नेलकटर किंवा बोथट टोकांची बारीक कात्री घ्यावी आणि बाळ झोपलेले असताना काम उरकावे. तबला किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यांना नखे अगदी बोटालगत कापावी लागतात, म्हणून त्यांनी पातळ जबड्याचा नेलकटर पाहावा. जाड जबडा नखाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी पायरी: पोलाद ओळखणे

गोव्यात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेले असते आणि किनारपट्टीच्या तालुक्यांत तर वर्षभर हवेबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येत असतात. बेळगाव-पुण्याकडे वर्षानुवर्षे चकचकीत राहणारी वस्तू कळंगुटच्या किंवा कोलव्याच्या घरात लवकरच का डागाळते, याचे उत्तर या मिठात आहे.

बाजारातील स्वस्त नेलकटर बहुधा साध्या कार्बन पोलादाचे असतात आणि त्यांच्यावर निकेल किंवा क्रोमचा मुलामा असतो. मुलामा अखंड आहे तोवर ठीक. पण धार आणि खिळीचे भोक या घासल्या जाणाऱ्या जागी तो सर्वांत आधी जातो. इथे आपल्या घरावरच्या जस्ताच्या पत्र्याशी तुलना केली तर फरक कळतो. पत्र्यावर ओरखडा उठला तरी जस्त स्वतः झिजून आतल्या लोखंडाला काही काळ वाचवते. निकेल आणि क्रोम नेमके उलटे वागतात: मुलामा फुटला की उघड्या पडलेल्या लोखंडाचीच झीज त्या जागी वेगाने होते आणि गंज मुलाम्याच्या खाली पसरत जातो. म्हणून मुलाम्याचा नेलकटर बाहेरून चमकत असतानाच सांध्यात सडलेला असतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि हवेतील ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर तयार करते. ओरखडा उठला तर हा थर स्वतःहून पुन्हा जमतो. मात्र स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, असा समज करून घेऊ नये. नेलकटरसाठी जे स्टेनलेस वापरतात ते स्वयंपाकघरातील भांड्यांच्या जातीचे नसते. भांड्यांचे ३०४ प्रतीचे स्टील गंजाला उत्तम तोंड देते, पण तापवून आणि थंड करून त्याला कडक करता येत नाही, त्यामुळे त्याची धार टिकत नाही. धारेसाठी ४२० किंवा तत्सम प्रतीचे, साधारण १२ ते १४ टक्के क्रोमियमचे स्टील घेतात, ज्यात कार्बन थोडा जास्त असतो आणि जे योग्य उष्णता देऊन चांगले कठीण होते. कठीणपणा मिळतो, पण मिठाला तोंड देण्याची ताकद काहीशी कमी होते. म्हणूनच चांगल्या नेलकटरवरही पावसाळ्यात तपकिरी ठिपके येऊ शकतात. ते वेळीच पुसले तर नुकसान होत नाही.

भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून स्टीलची पारख करण्याची सवय अनेकांना असते. नेलकटरच्या बाबतीत ती दिशाभूल करते. धार धरणारे स्टेनलेस चुंबकाला चिकटते, आणि साधे कार्बन पोलादही चिकटते. त्यामुळे चिकटले म्हणून वस्तू बनावट ठरत नाही. उलट पूर्ण नेलकटर चुंबकाला अजिबात चिकटत नसेल, तर त्याची धार फार दिवस राहणार नाही असे समजावे. चुंबकाचा एकच खरा उपयोग आहे: फक्त वरची दांडी चिकटत नसेल, तर ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव दांडी असण्याची शक्यता असते आणि अशी दांडी जोर पडल्यावर खिळीपाशी तुटते. वेष्टनावरील ‘सर्जिकल स्टील’ या शब्दांनी भुलून जाऊ नये. ते एखाद्या ठरावीक प्रतीचे नाव नाही. ‘स्टेनलेस स्टील’ असे स्पष्ट लिहिलेले असणे, आणि प्रत क्रमांकही दिलेला असणे, हे अधिक विश्वासाचे.

तिसरी पायरी: हातात घेऊन पारखणे

या पायरीला पाच मिनिटे लागतात. फोडलेल्या पाकिटातील नमुना दाखवायला दुकानदाराला संकोच न करता सांगावे. मडगावच्या न्यू मार्केटमध्ये किंवा पणजीच्या बाजारात जुने दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रथम दांडी न फिरवता दोन्ही पट्ट्या बोटांनी हलकेच मिटाव्यात आणि तोंड ट्यूबलाइटच्या दिशेने धरून पाहावे. दोन धारांमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही उजेडाची रेघ दिसता कामा नये. मधे भिडलेल्या आणि कोपऱ्यांत उघड्या राहिलेल्या धारा हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. त्यानंतर मिटलेल्या धारांवरून समोरच्या बाजूने अंगठ्याचे नख अलगद वर-खाली फिरवावे. नख अडखळले, म्हणजे एक धार दुसरीच्या पुढे आलेली आहे. असा नेलकटर वापराने सुधारत नाही, तो परत करावा.

मग दांडी कामाच्या स्थितीत फिरवून वरची पट्टी डावी-उजवीकडे हलवून पाहावी. किंचित लवचीकपणा चालतो, पण धार स्पष्टपणे बाजूला सरकत असेल तर नाही. ही अडचण फार जुनी आहे: अमेरिकेतील बॅसेट कंपनीने १९४७ मध्ये ‘ट्रिम’ नावाचा नेलकटर आणला, तेव्हा त्यातील मुख्य सुधारणा याच प्रकारच्या होत्या, म्हणजे भाग बाजूला सरकू नयेत म्हणून दिलेले दोन छोटे उंचवटे, खाच असलेली खिळी आणि अंगठा नीट बसावा म्हणून दांडीला दिलेला बाक. आज आपण जो घाट पाहतो तो बहुतांशी तोच आहे, त्यामुळे हे भाग आजही नीट बसवलेले आहेत का, एवढेच पाहायचे असते.

दांडी दहा-बारा वेळा दाबून सोडावी. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे, मधेच खरखर होता कामा नये आणि सोडल्यावर तोंड लगेच पूर्ण उघडले पाहिजे. दाबताना दांडीच वाकते आहे असे वाटले, तर पत्रा पातळ आहे. मागचा जोड उलटून पाहावा. तिथल्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असाव्यात, कारण तिथली फट पावसाळ्यात पाणी धरून ठेवते.

शेवटी कापून पाहावे. पातळ कागद बहुतेक सगळेच नेलकटर कापतात, म्हणून कागदाने फारसे कळत नाही. भाजीच्या पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा घ्यावा. धारा पूर्ण भिडत असतील तर चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा सुटून पडतो. कुठे फट असेल तर तिथे प्लास्टिक ताणले जाते आणि तुकडा लोंबकळत राहतो. मध्यभाग आणि दोन्ही कोपरे, असे तिन्ही ठिकाणी कापून पाहावे. एवढ्या परीक्षेत उतरलेला नेलकटर कोणत्याही नावाचा असला तरी घेण्यासारखा असतो, असे माझे मत आहे. आणि या परीक्षेत न उतरलेला नेलकटर कितीही मोठ्या नावाचा असला तरी घेऊ नये.

जोडीला असलेल्या वस्तूंविषयी थोडक्यात. घासणीची पट्टी उपयोगी असते, मात्र तिचे दात ठळक आणि सारखे कोरलेले असावेत. बाटली उघडणी, चाकू आणि कानकोरणी यांनी भरलेला नेलकटर टाळावा. जितके सांधे जास्त, तितकी पाणी साचण्याची ठिकाणे जास्त. नखांचे तुकडे उडू नयेत म्हणून बसवलेले प्लास्टिकचे आवरण सोयीचे खरे, पण आपल्याकडे ते ओल धरून ठेवते, म्हणून काढून पुसता येईल असेच आवरण घ्यावे. भिंग लावलेल्या नेलकटरपेक्षा चांगला दिवा अधिक कामाचा.

चौथी पायरी: नाव, किंमत आणि वेष्टन

दक्षिण कोरियाचे ७७७ आणि बेल हे नेलकटर भारतात वर्षानुवर्षे विकले जातात आणि नवख्या ग्राहकासाठी ही चांगली सुरुवात ठरते. जपानमधील सेकी हे शहर शेकडो वर्षे तलवारींसाठी प्रसिद्ध होते आणि आज तिथे पात्यांचा उद्योग आहे; १९०८ साली तिथेच सुरू झालेल्या काई कंपनीचा राजस्थानात नीमराणा येथे कारखाना असल्याने तिचा माल भारतात मिळणे सोपे झाले आहे. ग्रीन बेल हे जपानी नाव त्याहून महाग, पण धारांच्या अचूक जुळणीसाठी नावाजलेले आहे. जर्मनीतील झोलिंगेन या शहराचे नाव तर कायद्याने संरक्षित आहे. उत्पादनाचे महत्त्वाचे टप्पे त्या परिसरात पूर्ण झालेल्या पात्यांवरच ते छापता येते. पक्कडीच्या घाटात जपानच्या सान्जो शहरातील सुवादा हे नाव अग्रगण्य आहे, मात्र त्याची किंमत काही हजार रुपयांत जाते आणि जाड नखांची नेहमीची अडचण नसेल तर तेवढा खर्च करण्याचे कारण नाही.

जितके नाव मोठे, तितक्या त्याच्या नकलाही जास्त. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या फेरीत जमिनीवर ढीग घालून विकला जाणारा प्रसिद्ध नावाचा नेलकटर खरा असेलच असे धरून चालू नये. तिथे घ्यायचाच असेल तर नावासाठी पैसे न देता वरची परीक्षा करून घ्यावा. बंद पाकीट घेताना मागची बाजू वाचावी. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे, आणि माल परदेशी असल्यास आयातदाराचे, नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठीचा संपर्क देणे बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशही लिहावा लागतो. ‘जपान’ हा शब्द पुढे ठळक आणि मूळ देश मागे बारीक अक्षरांत वेगळाच, असेही दिसते. ऑनलाइन खरेदीत प्लास्टिकची परीक्षा माल आल्यावर त्याच दिवशी करावी, म्हणजे परत करण्याची मुदत हातात राहते. बिल जपून ठेवावे. दुकानदार किंवा विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पाचवी पायरी: घरी आणल्यावर

नव्या नेलकटरवर कारखान्यातील तेल असते, ते पुसून काढावे आणि मग सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलने धारा पुसाव्यात. नखे अंघोळीनंतर कापली तर ती मऊ असतात आणि धारेवर ताण कमी येतो. नख मात्र आधी कोरडे पुसावे. रुंद नख एका दाबात न कापता दोन-तीन वेळा कापावे. तिन्हीसांजेनंतर नखे कापू नयेत, हे घरातील वडीलधाऱ्यांचे सांगणे दिव्याच्या मिणमिणत्या उजेडाच्या काळात तरी फार शहाणपणाचे होते. नेलकटरने तार, झिप टाय किंवा बिस्किटाचे पाकीट कापू नये. एकदा धारेला खाच पडली की ती भरून येत नाही.

वापर झाल्यावर तुकडे झटकून, मऊ ब्रशने सांधा साफ करून, कोरड्या कपड्याने पुसावे. ठेवण्याची जागा न्हाणीघराबाहेरची असावी. पावसाळ्यात झाकणाच्या छोट्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवला तर फरक स्पष्ट दिसतो. चार-सहा महिन्यांनी खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून जादा तेल टिपून घ्यावे. आपल्याकडे हाताशी खोबरेल असते, आणि अडल्या वेळी ते चालेलही. परंतु ते कालांतराने खवट होते आणि धूळ धरते. निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचमध्ये भिजवून ठेवण्याची चूक करू नये, कारण त्यातील क्लोरीनयुक्त द्रावण स्टेनलेसचा संरक्षक थरच फोडते. नखांतील बुरशी आणि रक्तावाटे पसरणारी कावीळ यांचा विचार करता प्रत्येकाचा नेलकटर वेगळा असणे उत्तम. ते शक्य नसेल तर प्रत्येक वापरानंतर अल्कोहोलने पुसण्याला पर्याय नाही.

धार बोथट झाली की सँडपेपर किंवा अॅल्युमिनियमचा कागद कापून ती परत येते, असे सांगितले जाते. त्याने धारेवरचा बारीक खरखरीतपणा निघून थोडा काळ बरे वाटते, पण समोरासमोर भिडणाऱ्या धारा घरी घासून पुन्हा जुळवणे साध्य होत नाही. पक्कडीच्या घाटाचा महागडा नेलकटर जाणकार कारागिराकडून धार लावून घेण्यासारखा असतो. साधा मात्र बदलावा. प्लास्टिकची परीक्षा अधूनमधून पुन्हा करून पाहावी. तुकडा लोंबकळू लागला, खिळी सैल झाली किंवा धारेशेजारी खोलगट गंज दिसला, तर तो नेलकटर भंगारात टाकावा आणि टाकण्यापूर्वी त्याची दांडी काढून घ्यावी, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या घरात वापरासाठी जाणार नाही.